अंतर कशाने मोजावे?

आपल्या इंदुरातल्या पुष्कळ जुन्या मराठी घरांत आता दोन घड्याळे चालतात. दुसरे घड्याळ भिंतीवर नसले, तरी घरातल्या बाईच्या डोक्यात असतेच. "मुलगा कुठे असतो?" या प्रश्नाला "सॅन फ्रान्सिस्कोजवळ" असे उत्तर येते, आणि पाहुण्याने "फारच लांब हो!" म्हटले, की यजमान लगेच सावरून घेतात, "लांब कसले? दिल्लीहून एकदा विमानात बसले की सोळा तास. एक झोप झाली की उतरायचे." या उत्तरात अभिमान असतो, आणि थोडी स्वतःची समजूतही असते. कोणाच्या समजुतीला धक्का लावण्याची प्रस्तुत लेखकास हौस नाही. परंतु हे सोळा तास म्हणजे नेमके काय, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा असे फार दिवस मनात होते. कारण या आकड्याच्या भरवशावर आपल्या घरांतून काही निर्णय घेतले जाऊ लागले आहेत, आणि ते घेण्याची वेळ जेव्हा येते तेव्हा हिशेब करण्याच्या स्थितीत कोणीच नसते.

प्रथम अंतराचे पाहू. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या नकाशाने आपली पक्की समजूत करून ठेवली आहे की अमेरिका म्हणजे पश्चिम. दिल्लीवर बोट ठेवावे, अरबस्तान, युरोप, अटलांटिक असे ते सरकवीत न्यावे, न्यू यॉर्क ओलांडून सगळा खंड तुडवावा आणि सॅन फ्रान्सिस्कोवर टेकवावे. हा नकाशा येथे साफ फसवतो. त्याऐवजी पृथ्वीचा गोल घ्यावा आणि या दोन गावांमध्ये दोरा ताणून पाहावा. दोरा पश्चिमेस जात नाही, पूर्वेसही जात नाही; तो जवळजवळ नाकासमोर उत्तरेस जातो. हिमालय, तिबेट, मंगोलियाची कड, सायबेरिया, ध्रुवाभोवतीचा गोठलेला समुद्र, आणि पलीकडच्या अंगाने अलास्का व कॅनडाच्या किनाऱ्यालगत खाली. दिल्लीचे रेखांश ७७ पूर्व आणि सॅन फ्रान्सिस्कोचे १२२ पश्चिम. दोन्ही गावे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत, आणि समोरच्या बाजूस जायचे तर कडेने वळसा घालण्यापेक्षा माथ्यावरून जाणे जवळचे. एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे निघालेली मुंगी टाळूवरूनच जाईल.

या दोऱ्याची लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. जाता जाता एक गंमत सांगतो. २०१९ च्या जुलैत इंदुराहून दुबईला विमान सुरू झाले, इंदूरचे ते पहिले परदेशी उड्डाण, तेव्हा गावात केवढा आनंद झाला होता! आता अमेरिका अर्ध्यावर आली, असे बोलणारेही भेटले. परंतु दुबईहून सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,००० किलोमीटर आहे. म्हणजे इंदूरचा माणूस समुद्र ओलांडून दुबईला पोहोचला, की तो सॅन फ्रान्सिस्कोपासून दिल्लीतल्या माणसापेक्षा सहाशे किलोमीटर अधिक दूर असतो. गोलाचे भूगोलज्ञान आणि नकाशाचे भूगोलज्ञान यांत एवढा फरक पडतो.

बरे, आजची मोठी प्रवासी विमाने ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात. १२,४०० ला ९०० ने भागले तर पावणेचौदा तास येतात. मग सोळा तास कसे लागतात? कधी त्याहूनही जास्त का लागतात? या दोन-अडीच तासांची कहाणीच खरी ऐकण्यासारखी आहे.

दोरा तिबेटवरून जातो, विमान सहसा जात नाही. ते दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडते, त्याला डोंगराचे काय भय, असे वाटेल. भय डोंगराला धडकण्याचे नाही. उंचावर विमानातील हवेचा दाब एकाएकी गेला, तर वैमानिकाला सुमारे तीन हजार मीटरांपर्यंत झटपट खाली यावे लागते, कारण मुखवट्यांतून प्रवाशांना मिळणारा प्राणवायू फार वेळ पुरत नाही. तिबेटचे पठार सरासरी साडेचार हजार मीटरांहून उंच. तेथे खाली यायला जागाच नाही. म्हणून विमाने या प्रदेशाला वळसा घालतात. हिमालयाने उत्तरेची वाट अडवली आहे असे आपण लहानपणी पाठ केले होते. ते आजही तितकेच खरे आहे.

त्यानंतर वारा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेस जाणाऱ्या विमानाचे गाव 'आपण होऊन पुढे येते' आणि प्रवास लवकर होतो, असे सांगणारे सुशिक्षित गृहस्थ अजून भेटतात. तसे असते तर विमानाने आकाशात नुसते स्थिर राहावे आणि अमेरिका खाली आली की उतरावे! पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, त्यामुळे फिरण्याचा असा थेट फायदा कोणालाच मिळत नाही. उलट मधल्या अक्षांशांवर, नेमक्या विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या प्रचंड नद्या वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरांच्या वरही जातो. हा वारा पाठीशी असला तर विमानाला जणू वाहता ओघ मिळतो, आणि समोरून आला तर तेवढेच पाणी कापावे लागते.

याचे उत्तम उदाहरण याच मार्गावर घडले. एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को ही थेट सेवा २०१५ च्या डिसेंबरात सुरू केली. तेव्हा विमान अटलांटिकवरून जाई. ती वाट १३,९०० किलोमीटरांच्या आसपासची. २०१६ च्या ऑक्टोबरात कंपनीने तोंड फिरविले आणि विमान पूर्वेकडून, जपानच्या बाजूने, पॅसिफिक ओलांडून नेले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे चौदाशे किलोमीटरांनी लांब. परंतु वारा पाठीशी असल्याने प्रवास सुमारे साडेचौदा तासांत झाला, पूर्वीपेक्षा दोनएक तास कमी! लांबच्या वाटेने माणूस लवकर पोहोचला. अंतर आणि वेळ ही एकाच नाण्याची दोन नावे नव्हेत, हे याहून स्पष्ट कशाने दिसेल?

माथ्यावरची वाटही माणसाने साधली आहे. २०२१ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला जाणारे एअर इंडियाचे विमान उत्तर ध्रुवावरून आले. कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी, सर्व वैमानिक स्त्रिया होत्या. सुमारे १४,००० किलोमीटरांचे ते अंतर. ९ तारखेच्या रात्री तिकडून निघालेले विमान ११ तारखेच्या पहाटे इकडे उतरले. मधली १० तारीख प्रवाशांनी बहुतेक आकाशातच काढली.

डोंगर आणि वारा निदान कोणावर रुसत नाहीत. तिसरा अडथळा माणसाचा आहे. २०१९ च्या फेब्रुवारीअखेरीस पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैच्या मध्यावर पुन्हा उघडले. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटल्यावर अमेरिकन व युरोपीय विमानांना रशियावरून जाणे बंद झाले. युनायटेड या अमेरिकन कंपनीने त्या वर्षी आपली सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली सेवाच थांबविली. आणि २०२५ च्या एप्रिलात, पहलगामच्या हत्याकांडानंतर, पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्या आकाशात बंदी केली. दिल्लीहून उडालेले विमान आधी दक्षिणेस अरबी समुद्राकडे वळे आणि मग पश्चिमेची वाट धरी. त्या वर्षी अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्नाला उतरून इंधन घ्यावे लागले. एअर इंडियाने दिल्ली–वॉशिंग्टन थेट सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून थांबविली. तिने दिलेल्या कारणांत दुरुस्तीसाठी काढून घेतलेली विमाने होती, तसे हे बंद आकाशही होते. दोन्ही गावे जागच्या जागी होती, दोऱ्याची लांबी एका वितीनेही वाढली नव्हती. तरी लेकरू आदल्या महिन्यापेक्षा तीन-चार तासांनी दूर गेले.

आता "जग जवळ आले" या वाक्याकडे वळतो, कारण माझा मुख्य राग त्याच्यावर आहे. १९३७ च्या नोव्हेंबरात टाटांनी मुंबई–दिल्ली विमानसेवा सुरू केली, ती इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर असे थांबे घेत जाई. बिजासन टेकडीजवळचे आपले विमानतळ त्या काळचे. खांडव्याला गाडी बदलून मुंबईची वाट धरणाऱ्या आपल्या वडिलांना ती खरोखर क्रांती वाटली असेल. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला पोहोचले. १९६० साली बोइंग ७०७ हे जेट आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात न्यू यॉर्कची सेवा सुरू झाली. येथवर 'जग जवळ आले' हे वाक्य अक्षरशः खरे होते. मात्र त्यानंतर काय झाले? ते ७०७ विमानही ताशी सुमारे नऊशे किलोमीटरांनीच जात होते. सहा दशके उलटली, तरी प्रवासी विमानाचा वेग होता तेथेच आहे. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे काँकॉर्ड १९७६ मध्ये प्रवासी घेऊन उडू लागले आणि २००३ साली कायमचे जमिनीवर आले. फार खर्चिक, फार गोंगाटाचे, आणि एवढ्या लांबच्या पल्ल्याला त्याचे इंधनही पुरणारे नव्हते. वाढली ती विमानाच्या टाकीची धाव. पूर्वी दोन-तीन ठिकाणी उतरावे लागे, आता एका दमात जाता येते. सिंगापूरहून न्यू यॉर्कला सुमारे १५,३०० किलोमीटरांचे उड्डाण एका दमात होऊ लागले, पण त्यालाही अठरा-एकोणीस तास लागतात. थांबे कमी झाले, त्याला आपण वेग वाढला असे समजून बसलो.

आणि ते सोळा तास तरी कोणाचे? ते दिल्लीच्या धावपट्टीपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या धावपट्टीपर्यंतचे. आपण धावपट्टीवर राहत नाही. मुलगा तिकडच्या घरातून तीन-चार तास आधी निघणार, सोळा तास उडणार, दिल्लीला शिक्के, सामान आणि दुसऱ्या विमानाची वाट यांत आणखी चार-पाच तास जाणार, मग दीड तासाचे इंदूरचे विमान, मग घर. सर्व काही सुरळीत जुळले तर सत्तावीस-अठ्ठावीस तास. तेही तिकीट त्याच दिवशीचे मिळाले आणि थेट विमान त्याच दिवशी असले तर. तसे नसले तर मध्ये कोठे तरी पाच-सात तास बसून काढायचे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुके पडले तर हिशेबच सोडून द्यावा. शिवाय पारपत्रावरील व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल, तर येणे सोपे पण परत जाणे अवघड. अशा वेळी मुलगा रडत का होईना पण विचार करीत बसतो, आणि त्याला तो करावाच लागतो.

तारखांचा घोटाळा आणखी निराळा. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेतेरा तास मागे असते. दिल्लीहून पहाटे चारला निघालेला माणूस सोळा तास उडून तेथे त्याच दिवशी सकाळी साडेसहाला उतरतो. घड्याळाप्रमाणे प्रवास अडीच तासांचा! उलट तिकडून सोमवारी सकाळी दहाला निघालेला दिल्लीस मंगळवारी दुपारी साडेतीनला येतो. जाताना घड्याळ जेवढी उदारता दाखवते, तेवढीच येताना वसूल करते. आणि तातडी असते ती नेहमी येतानाच.

ही तातडी कोणती, ते आता उघड बोलले पाहिजे. गेल्या काही वर्षांत आपल्या समाजात एक नवी रीत रुजली आहे. घरात वडील माणूस गेले, की देह शीतपेटीत ठेवून परदेशातल्या मुलाची वाट पाहायची. "सोळा तासांचा तर प्रश्न आहे," असे कोणी तरी म्हणतो, आणि सगळे मान डोलावतात. सोळाचे अठ्ठावीस होतात, अठ्ठावीसचे चाळीस होतात. पेटीच्या यंत्राची घरघर चालू असते, घरात चूल पेटलेली नसते, म्हातारी आई खुर्चीत अवघडून बसलेली असते, आणि जमलेली मंडळी मोबाइलवर विमान कोठवर आले ते पाहत असतात. मुलगा येतो तेव्हा दोन रात्रींचा जागा असतो. पाऊण तासात त्याला मुक्तिधामात नेऊन उभे करतात.

पूर्वी असे होत नसे, कारण पूर्वी बातमी आणि माणूस एकाच वेगाने चालत. १७६१ च्या जानेवारीत पानिपताची बातमी नानासाहेब पेशव्यांना भेलशापाशी कळायला दहा दिवस लागले. निरोप नेणाऱ्याची दौड आणि मदतीस निघालेल्याची दौड सारखीच. आज बातमी क्षणात जाते. पडद्यावर मुलगा वडिलांचा चेहरा पाहतो, आईचे रडणे ऐकतो, खोलीतच असल्यासारखा असतो. म्हणूनच तो निघाला की लगेच पोहोचेल असे सर्वांना, त्याला स्वतःलाही, वाटू लागते. बातमीचा वेग हजारो पटींनी वाढला, देहाचा वेग १९६० वर थबकला. या दोहोंमधली फट आपल्या घरांत शीतपेटीने भरली जात आहे.

आपल्या शास्त्रकारांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. मनुस्मृतीत दूरदेशीच्या मृत्यूची वार्ता दहा दिवसांच्या आत कळली तर राहिलेले दिवस सुतक पाळावे आणि दहा दिवसांनंतर कळली तर तीन रात्री पाळावे, असे सांगितले आहे. पुढे टीकाकारांनी वाद घातला की 'देशांतर' म्हणावे तरी कशाला? कोणी साठ योजनांपलीकडले म्हटले, कोणी चाळीस, कोणी तीस. पण नुसत्या योजनांवर ते थांबले नाहीत. मध्ये महानदी किंवा पर्वत आडवा असेल, भाषा बदलत असेल, तर तेही देशांतर. आणि एक व्याख्या तर अशी आहे की जेथे दहा रात्रींत वार्ता पोहोचत नाही ते देशांतर. तिकिटाच्या आकड्यावर विश्वासणाऱ्या आपल्यापेक्षा या जुन्या लोकांना अंतर अधिक कळत होते, असे मला वाटते. वार्तेच्या मापाने सॅन फ्रान्सिस्को आज शेजारचा वाडा आहे. पर्वताच्या, भाषेच्या, आणि आता व्हिसाच्या मापाने ते पक्के देशांतर आहे. त्याप्रमाणे वागण्याची मोकळीक परंपरेने दिलेलीच आहे. परदेशी असलेल्या मुलासाठी प्रेत थांबवावे असा तिचा आग्रह नाही. जवळ जो अधिकारी असेल त्याने अग्नी द्यावा, दूरच्याने येऊन पुढचे कार्य करावे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. शेवटचे तोंड पाहायला मिळाले नाही ही खंत मुलाला जन्मभर राहते. ती कोणी भरून द्यायची? खरे आहे. जिवंतपणी पत्नीने, आईने स्वतः सांगितले असेल की थांबा, तर थांबावे. तो त्यांचा हक्क आहे, तेथे पाहुण्यांनी मत देऊ नये. परंतु पुष्कळ घरांत थांबण्याचा निर्णय तिचा नसतोच. तो "लोक काय म्हणतील" याचा असतो, किंवा 'मुलानेच अग्नी द्यायचा' या हट्टाचा असतो. लेक त्याच गावात, दहा मिनिटांवर, आईवडिलांचे औषधपाणी वर्षानुवर्षे करीत आलेली असते. ती समोर उभी असताना १२,४०० किलोमीटरांवरच्या भावाची वाट पाहायची, आणि त्याचे विमान चुकले तर पुतण्याला शोधत फिरायचे! या प्रकाराला मी श्रद्धा म्हणायला तयार नाही. आणि मुलगा वेळेवर पोहोचला नाही म्हणून तेराव्याच्या पंगतीत त्याच्याविषयी जे कुजबुजले जाते, ते तर निव्वळ अन्यायाचे. त्याने तिबेट मध्ये आणून ठेवलेले नाही, आणि आकाशही त्याने बंद केलेले नाही.

धावपळीत येऊन पाच दिवसांत परतणाऱ्या मुलापेक्षा आठ दिवसांनी येऊन महिनाभर आईपाशी राहणारा मुलगा आईला अधिक उपयोगी पडतो, हे अनेक घरांनी पाहिले आहे. रजा तेवढीच असते. ती कोठे खर्चायची एवढाच प्रश्न. पण हे त्या रात्री ठरवता येत नाही. घरात सर्वजण धडधाकट असताना, दिवाळीत मुले आलेली असताना, वडिलांनीच विषय काढावा. थांबायचे की नाही, अग्नी कोणी द्यायचा, कोणाला प्रथम फोन करायचा, हे एका कागदावर लिहून त्याची एक प्रत मुलाकडे आणि एक येथल्या लेकीकडे किंवा शेजाऱ्याकडे द्यावी. त्यात विमानांच्या वेळा लिहू नयेत. त्या दर हंगामाला बदलतात.